खिडकीत घेतलेलं नाव

माय,

तुझा चेहरा आठवायला बसले की आधी तुझी पाठ आठवते. चुलीकडं तोंड करून बसलेली, पदर खोचलेली, घामानं झंपर चिकटलेली पाठ. आमच्याशी तू बोलायचीस ते बहुतेक पाठीनंच. तुला जाऊन इतका काळ लोटला की मी तुझ्या शेवटच्या वयाच्याही पुढं आले, उठताना माझे गुडघे तुझ्यासारखेच वाजतात. आणि तरी मागच्या महिन्यात एका जपानी पिक्चरमध्ये एका बाईची पाठ दिसली आणि माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. ती बाई म्हणजे नुसतं चित्र होतं. कागदावर काढलेलं, रंगवलेलं, हलणारं. पण पाठ तुझी होती.

तू म्हणशील, म्हातारपणी चित्रांचे खेळ बघाया लागलीस व्हय. हो, लागले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा पाहिला. तुझ्याशी कधी दोन शब्द मनातले बोलले नाही, आणि आता हे लिहितेय तेही पोराच्या बायोडाटाच्या पाठकोऱ्या कागदांवर. लग्न जमवायला म्हणून त्याच्या माहितीचे कागद छापून आणले होते, त्यांचा गठ्ठा तसाच उरलाय. एका बाजूला त्याची उंची, देवक, निर्व्यसनी, स्वतःचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, पुंडलिकनगरात राहतं घर. दुसरी बाजू कोरी. कोरा कागद रद्दीत घालणं माझ्याच्यानं होत नाही, हे तरी तुझंच.

पिक्चर बघितला तोसुद्धा काटकसरीपायीच. माझी पोरगी औरंगपुऱ्यात फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. गल्लोगल्लीच्या भाऊ-दादांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स हिच्या हातचे. काळ्याला गोरा करायचा आणि मागं वाघ उभा करायचा, एवढीच माझी कला, असं म्हणते. एका सुट्टीच्या दुपारी मी भाजी निवडत होते. ती म्हणाली, "मम्मी, आजचं नेट भरपूर शिल्लक आहे. वापरलं नाही तर आपोआप जातं." वाया जातं म्हटल्यावर माझा जीव राहीना. म्हटलं, लाव मग काहीतरी, पण बाईमाणसानं बघण्यासारखं लाव. तिनं हा लावला. कॉलेजात होती तेव्हापासून तिच्या कपाटाच्या दाराला याचंच चित्र चिकटवलेलं आहे. भुरकट शहर आणि त्यात एक उजेडाची खिडकी. मी इतकी वर्षं ते दार पुसत आले, पण खिडकीत काय आहे हे कधी बघितलं नव्हतं.

त्यातलं शहर समुद्राकाठचं आहे, पण समुद्र वाळून गेलेला. भोवती उंच भिंत. भिंतीच्या आत पाणी, हवा, उजेड सगळं मापानं, म्हणून माणसंही मापानंच. कायदा एवढाच की ज्या घरात मूल जन्मेल त्या घरानं आपलं एक माणूस कमी करायचं. कोणतं, ते सरकार सांगत नाही, माय. सरकार फक्त घंटा वाजवतं. प्रत्येक घराच्या खिडकीला एक पितळी कर्णा बसवलेला असतो, त्यात घरच्या बाईनं नाव सांगायचं. एका घरात मुलगा होतो. घंटा वाजते. घरात खोकणारा म्हातारा सासरा आहे, नवरा आहे आणि दोन वेण्यांची एक पोरगी आहे. सगळ्यांना वाटतं, म्हाताऱ्याचंच नाव. म्हाताऱ्यालाही वाटतं, तो धुतलेले कपडे घालून तयार होऊन बसतो. बाई मुळा किसत असते. ती उठते, हात पुसते, कर्ण्याशी जाते, पोरीचं नाव घेते आणि परत येऊन मुळा किसायला बसते. बस्स. ढोल वाजत नाही, वीज कडाडत नाही. म्हातारा तसाच बसून राहतो, अंगावरच्या धुतलेल्या कपड्यांचं काय करावं हे त्याला कळत नाही.

मग करड्या कपड्यातली दोन माणसं येतात. पायताणं दाराबाहेर काढतात. पोरगी जेवत असते. ती माणसं म्हणतात, "सावकाश होऊ द्या." खाली इंग्रजी अक्षरं पळत होती आणि पोरगी मला मराठीत सांगत होती. मी म्हटलं, हे तू तुझ्या मनचं घातलंस. ती म्हणाली, "नाही मम्मी, असंच आहे." मी ते पुन्हा पुन्हा मागं घेऊन लावायला लावलं. आपल्याकडं पंगतीत वाढणारा म्हणतो ना, सावकाश होऊ द्या, अगदी त्याच सुरात.

आता मी कशी बाई आहे हे तुला माहीत आहे. रविवारी शहराला लागूनच्या साताऱ्याच्या खंडोबाला गेल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही, संध्याकाळी दिवा लावून हरिपाठ, दिवसाचा हिशोब लिहिल्याशिवाय झोप नाही. असल्या बाईला हे अभद्र का आवडावं? मी पुष्कळ विचार केला. पोथीत कुणी लेकरू सोडलं की पुढं कुणीतरी झेलायला असतंच. नदी असते, पाळणा असतो, देव वाटेवर उभा असतो. आणि टीव्हीवरच्या मालिकेत आई असं काही करायला लागली की आधी छाती पिटते, मग देव्हाऱ्यातली समई विझते, मग तिचं मन पालटतं. खरं सांगते माय, ते सगळं बघून मला आतून कधी बरं वाटलं नाही. वाटायचं, मग आमच्याच घरात समई का नाही विझली? या पिक्चरमध्ये बाई रडत नाही. तिला शिक्षाही होत नाही. बनवणारा माणूस तिच्याकडं बोट दाखवत नाही, तिला माफही करत नाही, फक्त नीट काढतो. मुळ्याचा कीस ओला दिसतो. भाताची वाफ खरी वाटते. वाळवंट झालेल्या शहरातसुद्धा दोरीवर कपडे वाळत असतात आणि वाऱ्यानं एक बाही दुसरीवर पडते. पोरगी म्हणाली, हे सगळं हातानं काढलेलं आहे, एक हात हलवायचा तर कागदांचा ढीग लागतो, काढणाऱ्यांचे डोळे गेले. मी मनात म्हटलं, म्हणजे कुणीतरी माणूस दिवसचे दिवस खाली मान घालून बसला असेल आणि ही बाई खिडकीतून परत येऊन कशी बसेल याचा विचार करत असेल. पटकन बसेल की हळू? ती पटकन बसत नाही, हळूही बसत नाही. रोजच्यासारखी बसते. ज्यानं ते काढलं त्याला माहीत होतं.

पोरगी म्हणते, पिक्चर सरकारवर आहे, सिस्टिमवर. माझ्या पोरानं जेवता जेवता थोडा पाहिला, त्याला त्यातल्या दोन चाकांच्या उंच गाड्या आवडल्या. "मम्मी, क्या गाडी है, ऐसी अपने इधर मिली तो मजा आ जाए," म्हणाला. मी मनानं मुकुंदवाडीला पोचले होते.

स्टेशनामागची आपली पत्र्याची खोली. आबांनी मेंढरं भावाच्या हवाली केली होती आणि एका कारखान्याच्या फाटकावर राखणीला लागले होते. तू बिगारी काम करायचीस आणि रुळाकडच्या गवतावर दोन शेळ्या पाळायचीस. दादाला पोरगी मिळत नव्हती. रानातल्या सोयऱ्यांना पत्र्यात राहणारा जावई नको होता, शहरातल्यांना मेंढक्याचं पोर नको होतं. मग साटंलोटं ठरलं. त्यांची लेक आपल्याकडं सून म्हणून यायची, आपली लेक त्यांच्याकडं जायची, देणं नाही, घेणं नाही, एकाच मांडवात दोन लग्नं. ते लोक आले तेव्हा तू भाकरी थापत होतीस. त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, "पोरी तर दोन दिसत्यात. कोणची द्यायची?" आबांनी तुझ्या पाठीकडं पाहिलं. मी दारामागं पुस्तक घेऊन उभी होते, मॅट्रिकचं वर्ष होतं. धाकटी उंबऱ्यात बसून शेळीच्या कानातल्या गोचड्या काढत होती. तू वळली नाहीस. "धाकटी न्या," म्हणालीस, आणि तव्यावरच्या भाकरीला पाणी लावलंस. धाकटी हसली. तिला वाटलं पाहुणे तिला जत्रेला नेतायत.

त्याच आठवड्याच्या बाजाराला तू मला कंपासपेटी आणलीस आणि तिला कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. तुझ्या हातून मला मिळालेली तेवढी एक नवीकोरी वस्तू. आणि मी रुसले, मला पेटी नको, बांगड्या पाहिजेत. धाकटीचा जीव मोठा. तिनं आपल्या चार उतरवून माझ्या हातात घातल्या. तू बघितलंस आणि माझ्या मनगटावर असा फटका मारलास की एक तिथंच फुटली. "तिच्या वाटचं घिऊ नगं," म्हणालीस. काच लागून रक्त आलं तर धाकटीनंच ते तोंडानं चोखलं, आणि थुंकून म्हणाली, "अक्का, तुझं रगत खारट लागतंय गं." आणि हसत सुटली.

साटंलोट्यातली लग्नं एका दोरीला बांधलेली असतात, ते मला नंतर कळलं. इकडं वहिनीला मार बसला की तिकडं धाकटीला बसायचा. निरोप पोचायला लागेल तेवढाच उशीर. तुला हे माहीत होतं. एकदा वहिनीनं दूध उतू घालवलं. चुलीवरून ते जमिनीवर पसरत होतं आणि तू फुंकणी उचलून तिच्या पाठीत घातलीस. मी तुझा हात धरला, म्हटलं, "माय, नको ना, तिकडं धाकटीला बसंल." तू माझा हात झटकलास. "बसू दे," म्हणालीस. "ती हसून घेती. ही रडती, हिला शिकवाया लागतं." आणि दुसरा घातलास. वहिनी खाली बसून फडक्यानं दूध पुसत होती आणि फडक्यातलं दूध परत पातेल्यात पिळत होती. तू त्याबद्दल तिला तेव्हाच शाबासकी दिलीस. मला ते पिळणं अजून दिसतं.

मी मॅट्रिक पास झाले त्या दिवशी तुझी भाकरी घेऊन कामावर आले होते. स्लॅब चालू होता, तुम्ही बायका एका रांगेत उभ्या राहून सिमेंटची घमेली वर देत होता. मला वाटलं आज विचारावं. म्हटलं, "माय, तवा माझं नाव का नाय घेतलंस?" मला वाटलं होतं तू म्हणशील, तू हुशार, तुझी शाळा होती. पिशवीत मार्कांचा कागद होता, तो दाखवायला मी हात पण घातला होता. तू घमेलं पुढं देत म्हणालीस, "तुझं तोंड चालतं. तुला दिली आसती तर आठ दिसांत दोन्ही घरं मोडली आसती. खाटीक आला की जे कोकरू अंगाशी येतं तेच धरत्यात. लांब पळतं त्याच्यामागं कोण पळतंय?" रांगेतल्या बायका हसल्या. एक म्हणाली, "लई खरं बोलली म्हातारी." तू तेव्हा म्हातारी नव्हतीस. मी कागद पिशवीतच ठेवला. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की माझ्या आईनं मला शिक्षणासाठी घरी ठेवलं. माझ्या सासरी, माझ्या पोरांना, हेच सांगितलं.

मग पंचमीला धाकटी आली. पुढचा एक दात पडलेला, हसली की तिथून जीभ दिसायची. त्या दिवशी तवा ठेवायचा नसतो म्हणून तू पुरणाची दिंडं केली होतीस. तिच्या ताटात वाढलीस, वर तूप घातलंस, नेहमीपेक्षा जास्तच. तिच्या तोंडाकडं मात्र पाहिलं नाहीस. ती म्हणाली, "माय, दात बघ की, उंदरानं नेला." तू म्हणालीस, "जेव." झोक्यावर ती सगळ्यांत उंच गेली आणि दुसऱ्या दिवशी दादानं तिला परत पोचवलं.

त्या पिक्चरमधली पोरगीसुद्धा परत येते. भिंतीबाहेर मरत नाही, तिकडं टाकलेल्या माणसांत वाढते आणि मोठी होऊन एक दिवस घरी येते. आई दार उघडते, ओळखते, ताट वाढते. तोंडाकडं बघत नाही. काही दिवस जातात. धाकट्या भावाचं लग्न झालेलं असतं, त्याच्या बायकोला मूल होतं आणि घंटा वाजते. म्हातारी झालेली आई उठायला लागते, तर तिच्या आधी ही पोरगी उठते. हात पुसते. कर्ण्याशी जाते. तोंड उघडते. आणि पिक्चर संपतो. तिनं कुणाचं नाव घेतलं हे सांगतच नाहीत.

आमच्या घरात यावरून भांडणं. पोरगी म्हणते, आईचं नाव घेतलं, उघड आहे, हिशोब पुरा झाला. मी म्हणते, आईचं नाही, त्या बाळंतिणीचं. पोर म्हणतो, स्वतःचंच घेतलं असेल, पिक्चरमध्ये चांगली माणसं तसंच करतात. पोरगी म्हणाली, जगभर लोक यावर इतकी वर्षं वाद घालतायत, म्हणूनच तो जुना होत नाही. मला वाटतं तेवढंच कारण नाही. मला वाटतं तो बघणाऱ्या प्रत्येकाला खात्री असते की आपल्या घरात आपलंच नाव घेतलं गेलं. खिडकीकडं उठून जाणारी बाई आपण असू, असं कुणाच्या मनात येत नाही.

आता पोराचं सांगते. त्याचं वय उलटत चाललंय. मुलीकडचे येतात, चहा पितात, विचारतात, शेती किती? शेती आहे म्हटलं की विचारतात, पण मुलगा शेतात जाणार नाही ना? पुण्यात फ्लॅट आहे का? नाही म्हटलं की कप खाली ठेवतात. पोर हसून दुकानात जातो. त्याला काही लागत नाही असं आम्ही घरात धरून चाललो होतो.

आणि मागच्या रविवारी धाकटी आली. एसटीनं, पाठीवर शेंगांचं पोतं घेऊन. आता तिचं चांगलं आहे, सून हाताखाली, शेळ्यांचं मोठं शेड, तोंडात कवळी. आमचा पिक्चर शेवटाकडं आला होता. ती पोतं टेकवून खाली बसली आणि बघायला लागली. आई ताट वाढते तो भाग आला तशी मांडीवर थाप मारून हसली. "अक्का, ही तर आपल्या मायवानी हाय की गं! बघ, बघ, आशीच बसायची." पोरगीनं तिला आधीची सगळी गोष्ट सांगितली आणि शेवट झाल्यावर विचारलं, "मावशी, तुला काय वाटतं, कुणाचं नाव घेतलं असेल?" धाकटीला विचार करावा लागला नाही. "कुणाचं म्हंजे? जे म्होरं बसलं आसंल त्याचं. घंटी वाजली, नाव घ्यायचं. त्यात इचार काय करायचा?" मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "बरं, आता माझं ऐका. मी बी एक सोयरीक घिऊन आले."

तिच्या पुतण्याकडची. त्याला एक पोरगी आहे, बारावी झालेली, गोरी, कामाला वाघ. ती माझ्या पोराला द्यायची. आणि त्याचा मोठा मुलगा बिनलग्नाचा आहे, त्याला माझी पोरगी द्यायची. मी म्हटलं, "म्हणजे साटंलोटं." ती म्हणाली, "मग काय! तुझ्या पोराला आजून कोण देतंय का? आणि मी मेले का? हाय न्हवं समोर. दात गेला, कवळी आली. कवळी लई भारी, ऊसबी खाती." आणि काढून दाखवायला निघाली. आमच्या यांनी पेपर डोळ्यांपुढं धरला. पोरगी म्हणाली, "मावशी, मला विचारणार आहे का कुणी?" धाकटी म्हणाली, "आमाला इचारलं व्हतं का कुणी? तू लई शानी! पोराला ती पोरगी पसंत पडंल बघ, अक्का, तुझ्या हाताखाली सैपाकाला घाल, म्हैनाभरात घर हातात घीन."

तेव्हा मी पोराकडं पाहिलं. रविवार असून त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. दाढी केली होती. मावशीनं त्याला फोनवर आधीच सांगितलं होतं, त्या पोरीचा फोटोही पाठवला होता, आणि तो आठवडाभर आम्हाला काही न बोलता फोनकडं बघत होता हे मला त्याच क्षणी कळलं. सगळे माझ्याकडं बघत होते. यांचा पेपर खाली आला होता. मी मनात मल्हारीला हाक मारली, तिकडून काही आलं नाही. मी म्हटलं, "पोरगी द्यायची नाही. पोराचं राहू दे." "राहू दे म्हंजे?" धाकटी म्हणाली. "राहू दे म्हणजे राहू दे. नाही झालं लग्न तर नाही झालं." आणि मी मेथीची दुसरी जुडी सोडली.

पोर हसला. "चला मावशी, चहा तरी घे. शर्टाची इस्त्री फुकट गेली," म्हणाला आणि स्वतःच उठून चहा ठेवायला गेला. त्याच्या हसण्यात धाकटीचा तो दात नसलेला आवाज नव्हता, पण हसणं तेच होतं. तुला ते माहीत आहे. माझी पोरगी भांडली असती, पोलिसात गेली असती, माझ्या तोंडाला काळं फासलं असतं. पोर भांडणार नव्हता. मी ते बोलायच्या आधी मला हे पक्कं माहीत होतं.

पोरगीनं आभार मानले नाहीत. धाकटी हात धुवायला गेली तेव्हा माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "मी नाहीच म्हणणार होते, मम्मी. तू माझ्यासाठी काही केलंस असं समजू नको. आणि त्याच्यासमोर असं बोलतात का? बाजूला नेऊन सांगता आलं असतं." लॅपटॉप उचलून आत गेली. जाताना धाकटी फाटकाशी थांबली, शेंगा ठेवून घे म्हणाली, आणि मग माझी हनुवटी धरून म्हणाली, "अक्का, तू मायवर गेलीस गं." ती शिवी नव्हती. कौतुकही नव्हतं. एखाद्या बाळाचं नाक कुणासारखं आहे हे सांगावं तसं सांगितलं आणि रिक्षात बसली.

त्यानंतर पोर रोजच्यासारखा आहे. येतो, जेवतो, चेष्टा करतो. चार दिवसांनी जेवता जेवता म्हणाला, "मम्मी, त्या पोरीचं जमलं म्हणे दुसरीकडं. छान झालं." आणि ताक मागितलं. मी ताक दिलं. त्याच्या तोंडाकडं पाहिलं, माय, मुद्दाम पाहिलं. तिथं काही नव्हतं, भाताचं शीत तेवढं होतं हनुवटीला. काल मी तो पिक्चर एकटीनं लावायला गेले, पोरगीनं काढून टाकलाय. विचारलं तर म्हणाली, "तुला फार आवडायला लागला होता."

शेजारच्या बाईनं सगळं ऐकलंय. देवळात चार जणींपुढं म्हणाली, लेकीसाठी अशी उभी राहणारी आई आमच्या वेळी असती तर. मी खाली बघून भंडारा लावून घेतला, नाही म्हटलं नाही. तुला हे पोचणार नाही, पोचणार नाही म्हणूनच एवढं लिहिते. धाकटी म्हणाली ना, तुझ्या हाताखाली सैपाकाला घाल, म्हैनाभरात घर हातात घीन, तेव्हा मला माझा ओटा दिसला, माझे डबे दिसले, आणि त्या डब्यांची झाकणं उघडणारा दुसऱ्या बाईचा हात दिसला. माझं तिथंच ठरलं होतं. पोरगीचा विचार त्याच्यानंतर आला.